माउंटन बाइकच्या चाकाचे माप

माउंटन बाइकच्या चाकाचे माप : डोंगरवाटा, गाडवाटा आणि खडकाळ उतार यांवर चालवायच्या सायकलीला २६, २७.५ की २९ इंची चाक असावे, हा निवडीचा प्रश्न. इंचांचे हे आकडे टायर धरून मोजलेले आणि ढोबळ असतात. रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास मात्र ठरलेला असतो : २६ ला ५५९, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२ मिलिमीटर. म्हणजे २७.५ हे माप मधोमध नाही, ते २६ च्या बाजूला झुकलेले आहे. घरोघरीच्या जुन्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक तर ६३५ मिलिमीटरचे, म्हणजे २८ चे रिम २९ पेक्षा मोठे! दुकानात इंचावर विसंबू नये, टायरच्या बाजूवर छापलेली ५४-६२२ अशी जोडी वाचावी. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा या व्यासाचा.

२६ इंचाचे माप कोणी हिशेब मांडून ठरवले नव्हते. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातली तरुण मंडळी श्विन कंपनीच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळत. त्या सायकलींना २६ इंची जाड टायर होते, म्हणून या खेळाचे माप तेच झाले. २९ चे जाड टायर १९९९ च्या सुमारास आले आणि अमेरिकी सायकल-निर्माते गॅरी फिशर यांनी ते माप नेटाने पुढे रेटले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत चेक सायकलपटू यारोस्लाव्ह कुल्हावी याने २९ वर सुवर्ण जिंकले, तर २७.५ वरचा स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर अगदी थोडक्यात दुसरा आला. २०१६ साली रिओमध्ये शुर्टरने सुवर्ण मिळवले, तेही २९ वर.

मोठ्या चाकाचा खरा फायदा अडथळ्यावर दिसतो. वाटेत १० सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा असला, तर २.१ इंची टायरच्या २६ च्या चाकाला तो साधारण ४६ अंशांच्या कोनात भिडतो, २९ च्या चाकाला ४३.५ अंशांत. फरक किरकोळ वाटतो. पण दगडावर चढायला लागणारा आडवा जोर त्यामुळे सुमारे ७ टक्क्यांनी घटतो, आणि गोट्यांच्या वाटेवर असे दगड पावलापावलाला असतात. जमिनीला टेकणारा टायरचा पट्टाही लांब होतो, त्यामुळे भुरभुरीत मुरमाच्या चढावर मागचे चाक कमी घसरते.

तोटेही आहेत. चाक जड होते आणि वजन केंद्रापासून लांब जाते, त्यामुळे वेग घ्यायला आणि आखूड वळणावर वळायला सायकल सुस्त वाटते. तारा (स्पोक) लांब झाल्याने चाक बाजूला लवते. स्वस्त २९ ची रिम लवकर आउट, म्हणजे वाकडी, होते आणि आउट काढायला पुन्हा पुन्हा दुकान गाठावे लागते. महाग सायकलींत यावर उपाय म्हणून मागचा हब (चाकाच्या मधला, तारा जोडलेला भाग) १४८ मिलिमीटर रुंद केलेला असतो. गिअरही जड पडतो : २९ वर पुढच्या चक्रीला ३२ दात असतील, तर पायाला २६ वरच्या ३५ दातांइतका जोर लागतो. गिअर नसलेली २९ इंची सायकल पोरे ऐटीसाठी घेतात आणि पहिल्याच घाटात उतरून ढकलतात.

खानदेशात सायकलीला तीन तऱ्हेची जमीन भेटते. तापीकाठची सपाटी, सातपुड्याचे चढ आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचे काळे दगड. शहाद्याकडून तोरणमाळला जायचे तर सपाटीवरून सुमारे हजार मीटर चढावे लागते. तिथे एकसारखी लय धरणाऱ्याला २९ सोयीचे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या बाजूच्या नाल्यांतल्या गोट्यांतही तेच चाक कामाचे. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत मात्र चाकाचे माप दुय्यम ठरते. बसाल्टपासून झालेली ही माती ओली झाली की टायरवर थरावर थर चढवते, फोर्कपाशी (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यापाशी) गच्च बसते आणि चाक फिरायचेच थांबते. मग काडीने चिखल उकरत बसावे लागते. अशा वेळी टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना बोटभर फट आहे का, हेच पाहायचे. मोठ्या चाकाच्या हौसेने अरुंद फ्रेममध्ये जाड टायर बसवणारा इथेच फसतो.

दुसरी अडचण काट्यांची. शेताच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्यांतले काटे गाडवाटेवर पडतात, शिवाय सराटे असतातच. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट घातले, तर बहुतेक भोके आपोआप बुजतात, मग चाक कोणतेही असो. ट्यूब वापरणाऱ्याने मात्र पाहावे की २६ ची ट्यूब लहान गावातही सहज मिळते, २९ साठी शहर गाठावे लागू शकते. अडीनडीला काळ्या सायकलीची २८ इंची ट्यूब २९ मध्ये चालून जाते. पण रिमचे भोक बारीक फ्रेंच व्हॉल्व्हचे असेल, तर तिचा व्हॉल्व्ह त्यातून जात नाही.

उंचीने कमी असलेल्यांनी २९ चा हट्ट धरू नये. लहान फ्रेममध्ये मोठे चाक कोंबले की वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते आणि हँडल नको तितके वर येते. म्हणून काही कंपन्या एकाच मॉडेलची लहान फ्रेम २७.५ वर आणि मोठी फ्रेम २९ वर काढतात. पुढे २९ आणि मागे २७.५ अशी मिश्र जोडीही तीव्र उताराच्या शर्यतींत दिसते. मागे जागा मोकळी राहते आणि सायकल वळणात पटकन झुकते.

जुन्या २६ च्या सायकलीला २७.५ चे चाक बसेल का, हे बरेच जण विचारतात. रिमवर घासणारे ब्रेक असतील, तर रिमची कड १२.५ मिलिमीटर बाहेर सरकते आणि ब्रेकचे रबर रिमवर बसत नाही. डिस्क ब्रेकला ही अडचण नाही, पण फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा आहे का ते चाक घालूनच पाहावे लागते. २९ चे चाक सहसा बसतच नाही.