पावसाचा दाखला मागताय? आधी तारीख तपासा

विम्याचा दावा असो, कोर्टातली केस असो की कंत्राटदाराची मुदतवाढ, अमुक दिवशी अमुक ठिकाणी किती पाऊस पडला याचा अधिकृत कागद मागितला जातो. तो भारतीय हवामान विभागाकडून मिळतो. जुन्या नोंदी पुण्यात शिवाजीनगरला जपलेल्या आहेत. रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ सांगा. मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं.

अर्ज कुणालाही करता येतो. विभागाच्या डेटा पोर्टलवर नोंदणी करायची, ओळखपत्र जोडायचं, कारण लिहायचं आणि कळवलेलं शुल्क भरायचं. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी संस्थाप्रमुखाच्या सही-शिक्क्याचं पत्र आणि ‘हा डेटा इतर कुणाला देणार नाही’ असं हमीपत्र जोडावं. इथे सहसा कुणी अडत नाही.

अडतात ते तारखेपाशी. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठला मोजमाप होतं आणि मागच्या चोवीस तासांचा सगळा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर चढतो. म्हणजे २६ जुलै २००५ च्या दुपारी मुंबईला झोडपणारा पाऊस नोंदीत २७ जुलैला सापडतो. एका दुकानदाराचा अर्ज मी पाहिला आहे. नुकसान रात्री झालेलं, अर्जात तेवढी एकच तारीख. कागद आला, त्यावर जेमतेम पाऊस, आणि विमा कंपनीने तोच पुढे करून दावा फेटाळला. म्हणून घटनेचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस, दोन्ही मागा. हे अर्जावरच ठळक छापायला काय हरकत आहे, देव जाणे.

दुसरी अडचण केंद्राची. तुमच्या गल्लीत पर्जन्यमापक नसतो, कागदावर येतो तो जवळच्या केंद्राचा आकडा. त्याच २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला शंभरही नाही. अंधेरीच्या माणसाने नुसतं ‘मुंबई’ लिहून कसं चालेल? केंद्राचं नाव लिहा. गावाजवळ विभागाचं केंद्रच नसेल तर महसूल मंडळातल्या ‘महावेध’च्या स्वयंचलित केंद्राची नोंद बघा. ती राज्याच्या कृषी खात्याकडे असते, तिच्यासाठी सिमला ऑफिसात खेटे घालू नका. शेतीच्या पंचनाम्यात ‘अतिवृष्टी’ म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि तो मंडळनिहाय पाहिला जातो.

‘ढगफुटी झाल्याचा दाखला द्यावा’ असं तर कृपा करून लिहू नका. तासाभरात साधारण १०० मिलिमीटर पडला तर विभाग त्याला ढगफुटी म्हणतो, आणि ते ठरवायला तासातासाची नोंद लागते. साध्या पर्जन्यमापकाला दिवसाची बेरीज तेवढी कळते. शिवाय विभाग आकडे देतो, तुमची भिंत कशाने पडली हे सांगत नाही. तासाची नोंद हवी असेल तर ‘स्वयंलेखी पर्जन्यमापकाची ताशी नोंद’ असं मागा. रेड अलर्टचा मेसेज जोडणारेही बरेच असतात. तो अंदाज असतो, पडलेल्या पावसाचा पुरावा नाही.

पूरग्रस्तांची फसगत आणखी निराळी. सांगलीत कृष्णेचं पाणी दुकानात शिरतं, पण तो पाऊस वर कोयना-महाबळेश्वरच्या डोंगरात पडलेला असतो. सांगलीच्या पावसाचा कागद मागितलात तर तो तुमच्याच विरुद्ध जाऊ शकतो. तुम्हाला हवी असते नदीची पातळी. आयर्विन पुलाजवळ धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. त्या दिवसांत पाणी कुठवर गेलं होतं आणि धरणातून किती विसर्ग होता, हे जलसंपदा विभागाला लेखी विचारा. पुढे तलाठ्याचा पंचनामा आणि या नोंदी एकत्र जोडा.

आणि मुदत. पॉलिसीतली मुदत नुकसानीची खबर देण्याची असते, पावसाचा कागद आणण्याची नव्हे. लोक दाखल्याची वाट बघत बसतात आणि खबर द्यायचीच राहून जाते. आधी खबर द्या, पोच घ्या, ‘पावसाची अधिकृत नोंद मागवली आहे, मिळताच सादर करू’ असं त्यात लिहा आणि डेटाच्या अर्जाची प्रत जोडा.