दत्तक गेल्यानंतर जन्मदात्यांचा शोध: रूट सर्चचा अर्ज कुणी करायचा, कागद कुठले लागतात, हातात काय येतं

सगळ्यात आधी हे सांगते, कारण इथेच बऱ्याच जणांचं अडतं. दत्तक गेलेल्या माणसाने आपल्या जन्मदात्यांची माहिती मागणं यात चोरीचं काही नाही आणि बेकायदेशीर तर अजिबात नाही. भारतात कायद्याने त्याची सोय करून ठेवलीय, त्याला रूट सर्च म्हणतात, आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीत (त्याआधी २०१७ च्या नियमावलीतही) त्याचे नियम आहेत. अर्ज जातो काराकडे, म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे, जे केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाखाली येतं. आमची लेक १६ वर्षांची असताना आम्ही तिघांनी मिळून या वाटेला सुरुवात केली, म्हणून जे कळलं ते नीट लिहून ठेवतेय.

अर्ज कोण करू शकतं? १८ पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती स्वतः एकटी ऑनलाइन अर्ज करू शकते, आईवडिलांची सही लागत नाही. १८ च्या आतलं मूल असेल तर दत्तक आईवडील आणि मूल मिळून अर्ज करायचा, आणि मुलाचं वय आणि समज बघूनच पुढे जायचं असं नियमच सांगतो. तिसऱ्या कुणालाही परवानगी नाही. म्हणजे मित्र, नवरा, हौसेने मदत करणारा कुणी, "शोधून देतो" म्हणून पैसे मागणारा कुणी, यांनी जाऊन माहिती मागितली तर संस्थेने ती द्यायचीच नाही, आणि जन्मदाते, दत्तक आईवडील, मूल यांच्यापैकी कुणाचीच माहिती उघड करायची नाही. परदेशात दत्तक गेलेली मंडळी त्यांच्याकडच्या अधिकृत दत्तक एजन्सीकडे किंवा भारतीय दूतावासाकडे गेली तरी चालतं, त्यांनी मदत करणं बंधनकारक आहे. इथल्या लोकांना काराशिवाय राज्याची दत्तक यंत्रणा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि ज्या विशेष दत्तक संस्थेतून मूल घरी आलं ती संस्था, हे सगळे दरवाजे आहेत.

आता अर्ज भरायच्या आधी एक प्रश्न स्वतःच्या घरात विचारून घ्या: दत्तक झालं कुठल्या कायद्याखाली? बरेच जण हे विचारतच नाहीत आणि मग चुकीच्या ऑफिसच्या फेऱ्या मारत बसतात.

नात्यात किंवा ओळखीत थेट दत्तक दिलं असेल तर ते बहुतेक १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली असतं. त्यात सहसा दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलेलं असतं आणि त्या दत्तकपत्रावर मूल देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची नावं आणि सह्या असतात. म्हणजे जन्मदात्यांचं नाव शोधायला काराची गरजच नाही, ते घरातल्या कपाटात नाहीतर निबंधक कार्यालयात आहे, दस्ताची नक्कल काढायची की झालं. नक्कल मागताना दस्त क्रमांक, वर्ष आणि कुठलं कार्यालय एवढं माहीत असलं की काम सोपं होतं.

संस्थेतून दत्तक झालं असेल तर वेगळं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालच्या दत्तकाचे आदेश आधी कोर्टातून निघायचे, १ सप्टेंबर २०२२ पासून ते जिल्हाधिकाऱ्यांकडून निघतात. त्याहून जुनी बरीच प्रकरणं, खास करून परदेशात गेलेली मुलं, ही १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टातून गेलेली असतात, तिथे कागदावर "दत्तक" नाही तर "पालकत्व" असं लिहिलेलं असतं, त्यामुळे आपलं दत्तक झालंच नव्हतं की काय असं वाटून घाबरून जाऊ नका. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले आणि त्यानंतर अशा अर्जांची छाननी इंडियन कौन्सिल फॉर चाइल्ड वेल्फेअर किंवा इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअर अशा संस्थांकडून व्हायला लागली, म्हणून त्या काळातल्या कोर्टाच्या फाइलमध्ये संस्थेच्या कागदांशिवाय एक वेगळा छाननी अहवालही सापडू शकतो. कारा सुरू झालं १९९० मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या केसचा माग कोर्ट आणि संस्था या दोघांकडेच काढावा लागतो.

कागद. अर्जाला जोडायला आणि त्याहून जास्त स्वतःला धागा सापडायला हे सगळं जमवा: तुमचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट, दत्तक आदेशाची किंवा पालकत्वाच्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी, जन्मदाखला, बाल कल्याण समितीचा (अनाथ, निराधार मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं असल्याचा आदेश असेल तर तो, मुलाचा अभ्यास अहवाल (शाळेचा नव्हे, संस्थेने मुलाबद्दल लिहिलेला चाइल्ड स्टडी रिपोर्ट), वैद्यकीय तपासणी अहवाल, आणि लहानपणीचे फोटो. जन्मदाखल्यावर फार आशा ठेवू नका, दत्तकानंतरच्या दाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावं येतात. खरा खजिना आहे अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल, कारण मूल कुठून आणि कुठल्या परिस्थितीत आलं, तेव्हा वजन किती होतं, तब्येत कशी होती, असं त्यात लिहिलेलं असतं, आणि हे दोन्ही दत्तक आईवडिलांना मूल दाखवतानाच दिले जातात, फक्त नंतर ते फाइलच्या तळाशी जातात. परदेशात गेलेल्यांनी पहिला भारतीय पासपोर्ट शोधा, त्यावर बऱ्याचदा संस्थेने ठेवलेलं नाव असतं.

आणि ते नाव फार महत्त्वाचं आहे बरं का. संस्थेची रजिस्टरं त्याच नावाने असतात, आत्ताच्या नावाने कुणाला काही सापडत नाही. आम्हाला पहिल्या वेळी सांगितलं गेलं की एवढं जुनं काही शिल्लक नाही, तेव्हा लेक रडली नाही पण आठवडाभर बोललीच नाही, आणि मग वैद्यकीय अहवालावर पेन्सिलने लिहिलेलं तिचं संस्थेतलं नाव आणि दाखल झाल्याची तारीख घेऊन परत अर्ज दिला तर त्याच रजिस्टरमध्ये नोंद निघाली. कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही, चुकीच्या नावाने शोधलं गेलं एवढंच. म्हणून अर्जात दोन्ही नावं, जन्मतारीख, संस्थेत आल्याची तारीख, घरी आल्याची तारीख, कोर्टाचा केस नंबर, सगळं घाला आणि तोंडी विचारून परत येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

आता काय मिळतं त्याबद्दल, इथे मात्र नीट वाचा. मूल मुख्यतः दोन प्रकारे संस्थेत येतं. एक म्हणजे आई किंवा आईवडील स्वतः येऊन बाल कल्याण समितीसमोर मूल सोपवतात, त्याचं लेखी समर्पणपत्र होतं आणि त्यांना फेरविचाराला ६० दिवस मिळतात. आत्ताच्या समर्पणपत्राच्या नमुन्यात त्यांना एक गोष्ट विचारलेली असते, की पुढे मूल शोधत आलं तर आमची ओळख आणि पत्ता त्याला द्यावा की देऊ नये. तिथे त्या बाईने त्या दिवशी काय निवडलं होतं यावर तुमच्या शोधाचं बरंचसं ठरतं. परवानगी असेल तर संस्था मध्यस्थी करते. परवानगी नसेल, किंवा त्यांचा पत्ताच लागत नसेल, तरी तुम्ही रिकाम्या हाताने परत जायचं नाही, कारण मूल कुठल्या कारणाने आणि कुठल्या परिस्थितीत सोपवलं गेलं ते मुलाला सांगायचं असं नियमात स्पष्ट आहे. नाव, पत्ता नाही, पण का, ते मिळतं. हा मुद्दा लोकांना माहीतच नसतो आणि "आईने नकार दिलाय" एवढं ऐकून ते उठून येतात. उठू नका. कारण विचारा, लेखी मागा.

दुसरा प्रकार म्हणजे सापडलेलं मूल. तिथे आईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, कितीही शोधलं तरी, आणि हे आधीच मनाशी धरून जावं. पण नोंदी असतात: कुठल्या जागी, किती वाजता, कुणाला सापडलं, कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद झाली, कुठल्या दवाखान्यात नेलं, समितीचा आदेश, पालकांना शोधण्यासाठी पेपरात फोटोसह दिलेली जाहिरात. २००० च्या कायद्याआधीची केस असेल तर समितीऐवजी बाल कल्याण मंडळ (१९८६ च्या कायद्यातलं) आणि महाराष्ट्रात त्याही आधीची असेल तर १९४८ च्या बॉम्बे चिल्ड्रन ॲक्टखालचं बाल न्यायालय, असं नाव कागदावर दिसेल, गोंधळू नका. पोलीस ठाण्याची हद्द बदललेली असते, तेव्हा जागा आणि तारीख धरून विचारावं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नियमात असंही आहे की मुलाच्या हक्कामुळे जन्मदात्यांच्या खाजगीपणाच्या हक्काला धक्का लागता कामा नये, आणि ही नुसती कायद्याची भाषा नाहीये. ती बाई आज कुणाची तरी बायको, सासू, आजी असेल आणि घरात कुणालाही हे माहीत नसेल. सोशल मीडियावर लहानपणीचा फोटो, तारीख आणि गाव टाकून "हिला ओळखता का" असं विचारलं तर उत्तर येण्याआधी गावात चर्चा पोचते. संपर्क झालाच तर पहिला निरोप संस्थेच्या समाजसेविकेकडूनच जाऊ द्या, तिने ठरवलेल्या वेळी आणि जागी भेटा, थेट दारात जाऊन उभं राहू नका.

डीएनए टेस्टचं बरेच जण विचारतात. ती सरकारी प्रक्रियेचा भाग नाही, आणि तुमच्या नात्यातल्या कुणीतरी त्याच कंपनीकडे टेस्ट केलेली असेल तरच जुळणी दिसते. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा डीएनए जुळतो, आई किंवा वडील एकच असलेल्या सावत्र भावंडांत पाव, चुलत-मावस भावंडांत साधारण साडेबारा टक्के, त्यामुळे लांबचा नातेवाईक दिसला म्हणजे आई सापडली असं होत नाही.

मालमत्तेचं काय, असंही विचारलं जातं, दोन्ही बाजूंनी, आणि घाबरूनच विचारलं जातं. बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दत्तक आदेशानंतर मूल सर्व अर्थाने दत्तक आईवडिलांचंच असतं आणि जन्मघराशी कायदेशीर नातं संपतं, फक्त आदेशाआधीच मुलाच्या नावावर काही झालेलं असेल तर ते त्याचंच राहतं. १९५६ च्या कायद्यातही कलम १२ मध्ये असंच आहे, शिवाय जन्मघरातल्या ज्याच्याशी लग्न चाललं नसतं त्याच्याशी दत्तकानंतरही चालत नाही. म्हणजे भेट झाली म्हणून तिकडे वाटा मागता येत नाही आणि तिकडूनही कुणी तुमच्या घरात हक्क सांगू शकत नाही. आमच्याकडे आजीला हे समजावून सांगितलं तेव्हा कुठे ती शांत झाली.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी आत्ताच एक काम करा. आदेश, समितीचा आदेश, अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, संस्थेतलं नाव आणि दाखल क्रमांक वेगळ्या कागदावर लिहा, आणि जमलं तर संस्थेत ज्या मावशींनी मुलाला सांभाळलं त्यांना भेटून विचारा की बाळ कसं होतं, कशाने शांत व्हायचं. आमच्या लेकीच्या फाइलमध्ये आईचं नाव नाही आणि येणारही नाही. पण पहिले तीन महिने तिला अंगावर घेऊन झोपवणाऱ्या मावशींनी सांगितलं की ती उजव्या कुशीवर ठेवलं तरच झोपायची, आणि ते आता तिच्याच अक्षरात फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.