सीएनसीच्या ‘पोस्ट’मागचा इतिहास

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, कापायच्या जॉबचे (सुट्या भागाचे) मॉडेल तयार असते, टूलपाथ (कापणाऱ्या टूलचा मार्ग) स्क्रीनवर नीट फिरलेला असतो, तरी मशीन लावून देणारा सेटर विचारतोच: “पोस्ट कुठला लावलाय?” पोस्ट म्हणजे पोस्ट-प्रोसेसर, टूलपाथ त्या मशीनला कळेल अशा आज्ञांत उतरवणारा प्रोग्रॅम. फानुक आणि सीमेन्स या मशीनचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्या, पण फानुकसाठी काढलेला प्रोग्रॅम सीमेन्सच्या मशीनवर तसाच चालत नाही. याचे मूळ सत्तर वर्षांमागे आहे.

आपल्याकडे यंत्रकाम त्याहून जुने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात कारखाना काढला. दोन्हीकडे लोखंडी नांगर बनत. वक्र आकार तेव्हा लाकडी पॅटर्नमध्ये आणि कारागिराच्या हातात असे. तो आकड्यांत मांडण्याची निकड अमेरिकेत विमानांमुळे आली.

मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स यांच्याकडे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम होते. पात्याच्या टेम्प्लेटसाठी वक्रावरचे मोजके १७ बिंदू मिळत, मधली रेघ हाताने जुळवायची. सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डाच्या यंत्रावर २०० बिंदू काढून दिले. मग एकजण आकडे वाचून दाखवी आणि मिलिंग मशीनच्या दोन चाकांवर दोघे उभे राहून ते गाठत. माणूसच कंट्रोलर! पुढे अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून तिथल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९५२ मध्ये छिद्रित पट्टीवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले गेले.

मशीन झाले, पण पट्टीवरचे आकडे काढायला कापण्यापेक्षा जास्त वेळ जाऊ लागला. त्यावर एमआयटीतल्या डग्लस रॉस यांच्या गटाने ते आकडे संगणकाकडून काढून घेणारी एपीटी ही भाषा केली. १९५९ मध्ये ती जाहीर करताना तिच्यावर कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे वाटले होते. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो तो इथला एक निर्णय. गणिताचे दोन भाग केले. आधी टूल कुठून कुठे जाईल ते काढायचे, कुठल्याही मशीनचा विचार न करता. मग पोस्ट-प्रोसेसरने ते त्या-त्या मशीनच्या बोलीत उतरवायचे. कारखान्यागणिक मशीन वेगळे, म्हणून ही सोय. मॉडेलवरून टूलपाथ काढणारे आजचे कॅम सॉफ्टवेअर आतून हेच करते. फ्रेंच अभियंते बेझिए यांनी रेनो या मोटार कंपनीत उभी केलेली वक्रांची पद्धत आणि माउस ही नंतरची भर.

मशीनला द्यायच्या आज्ञांची ही बोली म्हणजे जी-कोड. त्याचे आरएस-२७४ हे प्रमाण साठच्या दशकातले, त्याची ‘डी’ आवृत्ती १९८० ची. जी०१ म्हणजे सरळ कट, एम०३ म्हणजे स्पिंडल सुरू, इतपत सगळीकडे एकच. पण प्रमाणाने बऱ्याच जागा मोकळ्या सोडल्या आणि कंपन्यांनी त्या आपापल्या परीने भरल्या. खोल ड्रिलिंगला फानुक जी८३ मागतो, सीमेन्स सायकल८३. टूलची लांबी फानुकला जी४३ ही आज्ञा आणि एच नंबर देऊन सांगावी लागते. सीमेन्स ती डी नंबरवरून घेतो. फानुकच्या प्रोग्रॅममध्ये जी४३ ची ओळच राहिली तर टूल जॉबमध्ये घुसते. म्हणून नव्या मुलांना कॅमची बटणे शिकवतानाच पोस्टची फाइल उघडून वाचायलाही शिकवावे, निदान सुरुवातीच्या आणि टूल बदलाच्या ओळी तरी.