संशोधन-तंत्रज्ञानाचे व्यापारीकरण : जोखीम-व्यवस्थापन (इंदूर)

संशोधन केंद्रात सिद्ध झालेले तांत्रिक ज्ञान परवान्याने उद्योगाच्या हाती देताना संभवणारे नुकसान आधीच हेरून ते करार, चाचण्या आणि टप्प्याटप्प्याची गुंतवणूक यांनी आटोक्यात ठेवण्याची पद्धत. इंदुरात तिची दोन निराळी रूपे दिसतात : अणुऊर्जा विभागाच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे (१९८४) लेसर व त्वरक (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रे) आणि खंडवा रोडवरील सोयाबीन संशोधन संस्थेची (१९८७) वाणे.

सोयाबीनचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘एनआरसी १२७’ वाणाच्या दाण्यात कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर हा प्रथिनांच्या पचनात आडवा येणारा घटक नसतो. साहजिकच सोयापीठ, सोयादूध करणाऱ्याचा दाणे तापवण्याचा खर्च घटतो. मात्र हा गुण डोळ्यांना दिसत नाही. इंदूरच्या छावणी धान्यमंडईत साध्या सोयाबीनशेजारी या वाणाची रास ओतली, तर मुरलेल्या अडत्यालाही फरक सांगता येणार नाही. आणि एकदा मिसळ झाली की जादा भाव मागायला तोंड उरत नाही. म्हणून शेतापासून कारखान्यापर्यंत माल वेगळा ठेवणे, नमुने तपासणे, शेतकऱ्यांशी खरेदीचे करार करणे हा खर्च परवाना घेतानाच धरावा लागतो. शिवाय पीक स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे; घरच्या बियाण्यातही वाणाचे गुण टिकतात. शेतकरी घरचे बियाणे राखतो. २००१ चा वाण-संरक्षण कायदा त्याला तो हक्क देतो, फक्त ब्रँडखाली विकू देत नाही. दर खरिपात तेच गिऱ्हाईक परत येईल अशा हिशेबाने रॉयल्टी कबूल करणारी बियाणे कंपनी फसते. ‘एनआरसी १४२’ मध्ये उग्र वासाला कारण ठरणारे लायपॉक्सिजिनेज-२ देखील नाही; तरी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत रबडी खाणाऱ्या शहराला सोयादूध पाजण्याची जोखीम कोणत्याच करारात बसत नाही.

यंत्रांची अडचण वेगळी. प्रयोगशाळेत ज्या जुळण्या शास्त्रज्ञ सरावाने करतो, त्या कारखान्यात फिटरला कागदावरून कराव्या लागतात. त्यामुळे शुल्काचा काही भाग पहिला नमुना कारखान्यातच चालून दाखवेपर्यंत राखून ठेवणे घेणाऱ्याच्या हिताचे. पेटंट कायद्याच्या कलम ४ नुसार अणुऊर्जेशी संबंधित काही शोधांना पेटंट मिळत नाही. तिथे भिस्त आराखड्यांवर आणि गोपनीयतेच्या अटींवर. इतरत्र पेटंटच्या अर्जाआधीच शोधनिबंध छापला, तर नावीन्याचा दावा बहुधा बुडतो. वैद्यकीय उपकरणाला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालील सरकारी परवान्यापर्यंत तग धरणारे भांडवल हवे. संस्थेच्या बाजूची मोठी धास्ती म्हणजे परवाना घेऊन कपाटात ठेवणारी कंपनी. ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर हक्क परत घेण्याचे कलम त्यासाठीच घालतात.