नाव लपवलं, तरी ओळख उरते

समजा, एखाद्या आईनं ऑनलाइन ग्रुपवर निनावी राहून विचारलं, ‘मी औंधला राहते, नवरा मर्चंट नेव्हीत, मुलगी अडीच वर्षांची. मंगळवारपासून ताप उतरत नाहीये, काय देऊ?’ यात नाव कुठंच नाही. पण तिच्या सोसायटीतल्या कुणालाही ही बाई कोण हे लगेच कळेल. उलट, उत्तर देणाऱ्याला जे हवं, म्हणजे मुलीचं वजन, तापाचा आकडा, आतापर्यंत दिलेलं औषध, त्यातलं काहीच यात नाही. ओळख पटवणारे तपशील वेगळे आणि सल्ल्याला लागणारे वेगळे. घाईत आपण पहिले लिहितो आणि दुसरे राहून जातात.

ओळख पटण्याचं गणित साध्या भागाकाराचं आहे. 2011च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या 121 कोटी आणि पिनकोड सुमारे 19 हजार. म्हणजे एका पिनकोडात सरासरी 63 हजार माणसं. आता 80 वर्षांच्या जन्मतारखा झाल्या 29,200. स्त्री आणि पुरुष असे दोन भाग केले की 58,400 खण. 63 हजार माणसं एवढ्या खणांत वाटली, तर एका खणात जेमतेम एक माणूस येतो. तरुणांची संख्या जास्त, म्हणून त्यांच्या खणात दोन-तीन जण सापडतील. दाट वस्तीत आणखी काही. ऐंशीच्या घरातल्या आजींना मात्र लपायला जागाच नाही.

हे कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. 1997 साली लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण होते, त्यातले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद अशी नावासह उघडी पडली.

आपली भाषा तर यातलं अर्धं काम आपणहून करते. ‘मी गेले’ म्हटलं की लिहिणारी बाई आहे हे कळलं. इंग्रजीत हे झाकता येतं, मराठीत मुद्दाम वाक्य फिरवावं लागतं. ‘मले’, ‘तुले’ आलं की विदर्भ-खानदेश, ‘माका’ आलं की तळकोकण. बोली सोडा असं कुणी सांगू नये. पण ती हा एक तपशील देऊन बसते, म्हणून बाकीचे कमी करावेत.

कमी कसे करायचे? जन्मतारखेऐवजी ‘पस्तिशीच्या आसपास’, उपनगराऐवजी जिल्हा, तारखेऐवजी ‘आजाराचा चौथा दिवस’. नवऱ्याची नोकरी, शाळेचं नाव, डॉक्टरांचं नाव यांचा प्रश्नाशी संबंध नसेल तर सरळ गाळा. आणि जुन्याच खात्यावरून तीन वर्षं लिहीत असाल, तर हे सगळं एका दिवसापुरतं पाहून चालत नाही. एकदा गाव, एकदा मुलीचा वाढदिवस, एकदा ऑफिसचा रस्ता असं विखुरलेलं कुणीही एका बैठकीत गोळा करू शकतं. तब्येतीचे आणि घरगुती भांडणाचे प्रश्न वेगळ्या खात्यावरून विचारणं म्हणूनच शहाणपणाचं.

फोटोत आणखी फसगत होते. लोकेशन चालू असेल तर फोनचा कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते. लॅबच्या रिपोर्टवर नाव खोडतात, पण बारकोड आणि पेशंट नंबर तसेच ठेवतात. फोनमधल्या मार्करची रेघ अर्धपारदर्शक असली, तर ब्राइटनेस वाढवून खालचं नाव वाचता येतं. 2023 मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटचा गेलेला भागही परत मिळवता येतो, असं उघड झालं. त्यामुळे रिपोर्टचा फोटो टाकूच नका. हवे ते दोन-तीन आकडे, एकक आणि लॅबनं छापलेली सामान्य मर्यादा टाइप करा.

कायद्यावर फार विसंबू नये. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुम्ही स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही.

आता जे ठेवायचं ते. तापाच्या औषधाचंच पाहा. पॅरासिटामॉलचा लहान मुलांचा एका वेळचा डोस वजनावर ठरतो : किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. 12 किलोच्या मुलीला 120 ते 180 मिलिग्रॅम. पण बाजारात 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, तसंच 250चंही. कुणी प्रेमानं ‘आमच्या पिंट्याला 5 मिली दिलं, लगेच उतरला’ असं लिहिलं, तर एका बाटलीतून तो डोस बरोबर बसतो आणि दुसरीतून मर्यादेबाहेर जातो. सल्ला देणाऱ्यानं म्हणूनच चमच्याचं माप न सांगता बाटलीवरचा आकडा आणि आपल्या मुलाचं वजन सांगावं.

त्या आईचा प्रश्न असा लिहिता येतो : ‘मुलगी अडीच वर्षांची, वजन 12 किलो. तापाचा चौथा दिवस, काल जास्तीत जास्त 102.6. पॅरासिटामॉल 120/5 सिरप 6 मिली, दर सहा तासांनी. पाणी पितेय, लघवी नेहमीपेक्षा कमी.’ यात औंध नाही, जहाज नाही. आणि हे वाचणारं कुणीही जाणतं माणूस एकच उत्तर देईल : चार दिवसांचा ताप आणि कमी झालेली लघवी, आजच डॉक्टरांकडे न्या.