प्रोजेक्टर भाड्याने नेताय? चित्र आणि आवाज असे जोडा

पडद्यावर चित्र आणणं हे तसं पाच मिनिटांचं काम. घोडं अडतं ते आवाजापाशी. प्रोजेक्टरच्या आतला स्पीकर साधारण २ ते १० वॅटचा असतो. दहा-बारा जणांच्या मीटिंगला तो पुरतो, सोसायटीच्या हॉलला किंवा गणपतीच्या मांडवाला नाही. तिथे आवाज अँप्लिफायरकडे न्यावाच लागतो. आता गंमत अशी, की अँप्लिफायर असतो स्टेजच्या कडेला, प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मधोमध, आणि लॅपटॉप ज्याच्या हातात असेल त्याच्यापाशी. म्हणून सामान न्यायला येण्याआधी एवढं ठरवून या: चित्र आणि आवाज एकमेकांपासून कुठे वेगळे करायचे? लॅपटॉपपाशी, प्रोजेक्टरपाशी, की मधे एक छोटा डबा लावून? कुठली केबल आणि किती मीटर हे त्यावरूनच ठरतं.

आधी मापं

पडद्याची रुंदी गुणिले प्रोजेक्टरचा थ्रो रेशो म्हणजे प्रोजेक्टर ठेवायचं अंतर. १०० इंची पडदा (१६:९) प्रत्यक्षात २.२ मीटर रुंद असतो, कारण इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. थ्रो रेशो १.५ असेल तर प्रोजेक्टर सुमारे ३.३ मीटरवर, म्हणजे ११ फुटांवर येतो. १२० इंची पडद्याला तेच अंतर ४ मीटर होतं. बुकिंग करताना पडद्याचं माप आणि खोलीची लांबी सांगितलीत, तर त्याप्रमाणे मशीन देता येतं.

केबल मात्र या अंतराएवढी घेऊन चालत नाही. ती टेबलावरून खाली उतरते, भिंतीच्या कडेने जाते, पुन्हा वर चढते. सरळ अंतर ४ मीटर असलं तरी लॅपटॉप स्टेजवर ठेवणार असाल तर १० मीटरची केबल मागा. ताणून बसवलेली एचडीएमआय केबल पहिल्या धक्क्यालाच सॉकेट घेऊन बाहेर येते, आणि ते सॉकेट बदलायचं म्हणजे लॅपटॉप उघडावा लागतो.

चित्राची केबल

शक्यतो एचडीएमआयच वापरा, चित्र आणि आवाज दोन्ही एका केबलमधून जातात. साध्या तांब्याच्या केबलवर फुल एचडी चित्र १० मीटरपर्यंत बिनधोक जातं, चांगली जाड केबल असेल तर १५ मीटरपर्यंतही. फोर-के हवं असेल तर ५ मीटरच्या पुढे साध्या केबलवर भरवसा ठेवू नका. लांबी जास्त झाली की आधी चित्रात चमकणारे ठिपके दिसतात, मग पडदा मधेच काळा होऊन परत येतो. तेव्हा लोक प्रोजेक्टर बंद-चालू करत बसतात, पण दोष केबलच्या लांबीत असतो.

त्याहून लांब जायचं असेल तर दोन पर्याय आहेत. एक, फायबरची एचडीएमआय केबल. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असं छापलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि मांडवाच्या छतावरून ओढून झाल्यावर हे कळलं तर सगळं पुन्हा काढावं लागतं. म्हणून ओढण्याआधी जमिनीवरच एकदा लावून पाहा. ही केबल घट्ट दुमडूही नका, आतली काच तुटते. दुसरा पर्याय म्हणजे कॅट-६ वायरवर चालणारे एक्स्टेंडरचे दोन डबे. मॉडेलप्रमाणे ते ५० मीटर किंवा त्याहून पुढे चित्र नेतात.

जुन्या लॅपटॉपला किंवा शाळेच्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए असतं, ते निळं १५ पिनांचं. त्यातून आवाज जात नाही, तो वेगळा न्यायचा. कनव्हर्टर मागताना दिशा नीट सांगा. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’, आणि लॅपटॉपला व्हीजीए असेल तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाचं काम दुसरा करत नाही. बाजारातून घाईत आणलेला कनव्हर्टर चालत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असतं.

टाइप-सी असलेल्या प्रत्येक लॅपटॉपमधून किंवा मोबाइलमधून चित्र बाहेर येतंच असं नाही. त्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते. बऱ्याच स्वस्त मोबाइलमध्ये टाइप-सी हे फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरतं असतं, त्यांना कितीही महागडा अडॅप्टर लावला तरी पडदा निळाच राहणार. आयफोन १५ पासून पुढच्या बहुतेक मॉडेलांना टाइप-सी टू एचडीएमआय चालतं, त्याआधीच्या आयफोनना लाइटनिंगचा वेगळा अडॅप्टर लागतो. आदल्या दिवशी मोबाइल घेऊन दुकानात या आणि लावून बघा.

लॅपटॉपवर काय करायचं

आधी केबल लावा, मग प्रोजेक्टर चालू करा, तो पूर्ण सुरू झाल्यावर लॅपटॉप. प्रोजेक्टर आपल्याला कोणती रिझोल्यूशन चालतात ते केबलमधूनच लॅपटॉपला कळवतो, त्यामुळे या क्रमाने गेलात तर निम्म्या अडचणी येतच नाहीत. मग प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून योग्य एचडीएमआय निवडा. दोन सॉकेट असतील तर आपण १ मध्ये लावली आहे की २ मध्ये, ते मागे वाकून बघाच.

विंडोजवर विंडोजची कळ आणि पी एकदम दाबा. ‘डुप्लिकेट’ घेतलं तर दोन्हीकडे तेच दिसतं. ‘एक्स्टेंड’ घेतलं तर तुमच्या नोट्स लॅपटॉपवर राहतात आणि पडद्यावर फक्त स्लाइड जाते. भाषण किंवा सादरीकरण असेल तर एक्स्टेंडच बरं, सगळ्या हॉलला तुमचे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दिसत नाहीत. कडा कापल्या जात असतील किंवा अक्षरं धूसर येत असतील तर लॅपटॉपचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनएवढं करा. ते मशीनवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: १०२४ × ७६८, १२८० × ८०० किंवा १९२० × १०८०.

आवाज: इथे घाई नको

एचडीएमआय लावली की विंडोज बहुतेक वेळा आवाज आपोआप प्रोजेक्टरकडे वळवतं. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून अँप्लिफायरला वायर गेलेली असते, पण तिच्यात आवाजच नसतो. मग अँप्लिफायरवर संशय, वायरवर संशय. आधी टास्कबारमधल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट कुठलं निवडलंय ते पाहा. हेडफोनमधून हवा असेल तर हेडफोन किंवा लॅपटॉपचा स्पीकर निवडा, प्रोजेक्टरमधून हवा असेल तर प्रोजेक्टरचं नाव.

अँप्लिफायर लॅपटॉपजवळ असेल तर सगळ्यात सोपा मार्ग हाच: हेडफोन सॉकेटमधून ३.५ मिमी स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना, आणि त्या अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये. माइकच्या सॉकेटमध्ये लावू नका. माइकचा सिग्नल फार बारीक असतो, म्हणून ते इनपुट त्याला खूप मोठं करतं. त्यात लॅपटॉपचा दणदणीत सिग्नल घातला की आवाज फाटतो. लॅपटॉपचा आवाज ७०-८० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त करणं अँप्लिफायरवरून करा.

आता एक असा दोष, जो पहिल्यांदा भेटला की भूतबाधा वाटते. गाण्यातली वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज गायब. फिल्ममध्ये पार्श्वसंगीत येतं, संवाद येत नाहीत. हे होतं ३.५ मिमी स्टिरिओ पिनेपासून थेट तीन पिनांच्या एक्सएलआर माइक केबलवर जाणाऱ्या वायरीमुळे. साउंड मिक्सरचं एक्सएलआर इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा ऐकतं. स्टिरिओमध्ये डावीकडे आणि उजवीकडे जे सारखं असतं ते वजाबाकीत नाहीसं होतं, आणि गायकाचा आवाज नेमका मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो. उपाय सोपा: ती वायर काढा आणि दोन वेगळ्या पिना असलेली वायर मिक्सरच्या दोन लाइन चॅनेलमध्ये लावा. मिक्सर लांब असेल तर डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा सिग्नल माइकच्या केबलवरून नेण्याजोगा करणारा डबा, मागून घ्या. साधी ऑडिओ वायर ५ मीटरपर्यंत ठीक असते, पुढे तिच्यात घरघर शिरते. डीआय बॉक्सनंतर माइकची केबल ३० मीटर नेली तरी आवाज स्वच्छ राहतो.

दुसरा मार्ग प्रोजेक्टरपासून आवाज काढण्याचा. त्याच्या मागे ‘ऑडिओ आउट’ लिहिलेलं ३.५ मिमी सॉकेट असतं. शेजारी तसंच दिसणारं ‘ऑडिओ इन’ही असतं, नाव वाचूनच पिन घाला. बऱ्याच मॉडेलांत या सॉकेटचा आवाज प्रोजेक्टरच्या रिमोटवरून कमी-जास्त होतो, म्हणून रिमोटवर म्यूट तर नाही ना ते पाहून घ्या. सगळ्या प्रोजेक्टरना हे सॉकेट नसतं. हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

तिसरा मार्ग ऑडिओ एक्स्ट्रॅक्टरचा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. एका बाजूने एचडीएमआय आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय बाहेर प्रोजेक्टरकडे, आणि आवाज लाल-पांढऱ्या आरसीएमधून वेगळा. त्याला ५ व्होल्टचं चार्जर लागतं, आणि तेच लोक घरी विसरतात. सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही स्टिकसाठी आमच्या मते हा सर्वांत खात्रीचा मार्ग. डब्यातून आवाज येत नसेल तर सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करा. तो ‘डॉल्बी’वर असला तर साध्या एक्स्ट्रॅक्टरला तो उलगडता येत नाही आणि स्पीकरमध्ये शांतता राहते.

ब्लूटूथ स्पीकर चालतो, पण आवाज चित्राच्या मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. गाण्यांच्या स्लाइड शोला हे जाणवत नाही. नाटकाचं रेकॉर्डिंग किंवा मॅच असेल तर वायरच लावा.

स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्झचा आवाज आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर कारण कळलं: लॅपटॉप आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत आणि त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक पडतोय. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवर घ्या, मांडवाची लाइटिंग दुसऱ्यावर. तरीही राहिला तर ऑडिओ वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ही घरघर अडवणारा छोटा डबा, घाला. पण घरघर थांबवण्यासाठी प्लगची अर्थची जाड पिन काढू किंवा कापू नका. घरघर जाईल, पण धातूच्या अँप्लिफायरला हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ होईल. ऑडिओ वायर आणि मेनची वायर शेजारी-शेजारी ओढू नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

स्टिक, सेट-टॉप बॉक्स, जुना कॅमेरा

टीव्ही स्टिक प्रोजेक्टरच्या यूएसबीवर चालवली तर मधेच बंद पडते. त्या यूएसबीतून बहुधा ५०० मिलिअँपिअरच मिळतात, स्टिकला साधारण १ अँपिअर लागतो. तिचाच चार्जर लावा. हॉलच्या वाय-फायवर अवलंबून राहू नका, मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच जोडून ठेवा.

ओटीटीची फिल्म लावली, आवाज येतोय पण पडदा काळा, असं झालं तर ती कॉपी-संरक्षणाची अडचण असते. एचडीएमआयमधून जाणारं चित्र कुलूपबंद असतं, ते उघडायची सोय केबलच्या प्रत्येक टप्प्यावर लागते. व्हीजीए कनव्हर्टर मधे आला की साखळी तुटते. थेट एचडीएमआय लावा.

एकच चित्र दोन पडद्यांवर हवं असेल तर लागतो ‘स्प्लिटर’. दोन लॅपटॉप एका प्रोजेक्टरवर आळीपाळीने हवे असतील तर लागतो ‘स्विच’. फोनवर दोन्हींना ‘तो एचडीएमआयचा डबा’ म्हटलं जातं, म्हणून काम काय करायचंय ते सांगा, डबा आम्ही निवडतो.

जुन्या हँडिकॅमची पिवळी-पांढरी-लाल वायर असेल तर पिवळी प्रोजेक्टरच्या ‘व्हिडिओ’मध्ये आणि बाकीच्या दोन थेट अँप्लिफायरमध्ये. चित्राऐवजी नुसता पडदा थरथरत असेल तर पिवळ्या जागी लाल लावून पाहा. काही कॅमेऱ्यांच्या ३.५ मिमी पिनेतल्या कड्यांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे रंग फसवतात.

बंद करताना

बल्बचा प्रोजेक्टर रिमोटवरून दोनदा पॉवर दाबून बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. गरम बल्बचा वारा एकदम थांबला की त्याचं आयुष्य घटतं. लेसर आणि एलईडी मशीन लवकर थंड होतात, तरी पंखा थांबू द्या. अँप्लिफायर बंद करा सगळ्यात आधी, नाहीतर पिना उपसताना स्पीकरमध्ये धाडकन आवाज होतो आणि त्याचा कोन (समोरचा थरथरणारा पडदा) जातो. केबल कोपरावर गुंडाळू नका, सैल गोल वेटोळं करून पट्टी बांधा. पिशवीतल्या यादीवर खूण करून मगच गाडीत ठेवा. मांडवात सगळ्यात जास्त मागे राहतात ते रिमोट आणि एक्स्ट्रॅक्टरचा चार्जर.