संहत तारे आणि सुधारित गुरुत्वाकर्षण: समीकरण सुटले, पण तारा टिकेल का?

डिसेंबरच्या निरभ्र रात्री पणजीतील मिरामारच्या किनाऱ्यावरून वृषभ रास जवळजवळ माथ्यावर आलेली दिसते. याच राशीतील क्रॅब तेजोमेघात, 1054 साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटातून उरलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे 30 वेळा स्वतःभोवती फिरत आहे. अशा ताऱ्यात सूर्याच्या साधारण दीडपट वस्तुमान सामावलेले असते, त्रिज्या मात्र पणजी ते म्हापसा या अंतराएवढीच.

असा संहत तारा कोसळत का नाही, याचे गणित टोलमन, ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी 1939 मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून मांडले. त्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा नियम लागतो आणि घनतेनुसार दाब किती वाढतो हे सांगणारे अवस्था समीकरणही लागते. विश्वाच्या प्रवेगी प्रसरणाचे कोडे सोडवण्यासाठी अनेक संशोधक यांतील नियमच बदलून पाहतात. बुकडाल यांनी 1970 मध्ये आइन्स्टाइनच्या मूळ मांडणीतील अवकाश-काळाच्या वक्रतेच्या जागी वक्रतेचे एखादे फल (फंक्शन) ठेवण्याची कल्पना मांडली. पुढे 2011 मध्ये त्यात द्रव्याशी निगडित एक गणिती राशीही मिसळण्यात आली.

अशा सिद्धांतात ताऱ्याचे एखादे उत्तर शोधणे फारसे अवघड नाही; खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. ताऱ्याच्या पोटात ध्वनीचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त होता कामा नये. तारा किंचित दाबला गेल्यास दाब पुरेसा वाढून तो सावरला पाहिजे. न्यूटनच्या गणितात यासाठी दाब-घनतेचा घातांक 4/3 हून मोठा असावा लागतो, आणि सापेक्षतेत तेवढ्यानेही भागत नाही, हे चंद्रशेखर यांनी 1964 मध्ये दाखवले. सर्वांत दुर्लक्षित कसोटी पृष्ठभागाची आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात तेथे दाब शून्य झाला की बाहेरच्या रिकाम्या अवकाशाची श्वार्झशिल्ड भूमिती बिनबोभाट जोडता येते. वक्रतेचे फल वापरणाऱ्या सिद्धांतात मात्र वक्रता आणि तिचा उतार, दोन्ही सीमेवर अखंड राहावे लागतात. पण क्वार्क ताऱ्याची, म्हणजे क्वार्क या मूलकणांच्या बनलेल्या संहत ताऱ्याची, घनता पृष्ठभागावरही शून्य होत नाही, त्यामुळे नेहमीच्या जोडणीत वक्रता तेथे एकदम तुटते. म्हणून नेहमीच्याच पद्धतीने जोडलेली अशी प्रारूपे आलेखात देखणी दिसली तरी सीमेवर निसटतात, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण निरीक्षणांची आहे. जे0740+6620 या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 2.1 पट आहे. एवढा भार पेलण्याचे श्रेय बदललेल्या गुरुत्वाकर्षणाला द्यावे की अधिक ताठर, म्हणजे दाबले जाण्यास जास्त विरोध करणाऱ्या, द्रव्याला, हे केवळ वस्तुमान आणि त्रिज्या यांवरून ठरत नाही. त्यामुळे प्रत्येक ताऱ्यासाठी सिद्धांताच्या स्थिरांकाची वेगळी किंमत निवडून जुळवलेल्या तक्त्यांकडे मी साशंकतेने पाहतो. केंद्रीय घनता ताऱ्यागणिक बदलू शकते. गुरुत्वाकर्षणाच्या नियमातील स्थिरांक मात्र क्रॅबमध्ये एक आणि जे0740 मध्ये दुसरा असू शकत नाही.